झीरो बॅलन्सचे वाचक

बँकेत नोकरीला असलेल्या माणसाला समाजात एकच पद मिळतं, ते म्हणजे खजिनदाराचं. गणेशोत्सव मंडळ असो, नाही तर सहकारी सोसायटी असो. अध्यक्ष कोण यावर दोन तास वाद होतो, चिटणीस कोण यावर दोघांचं बोलणं बंद होतं, आणि खजिनदाराचा विषय निघाला की सगळे एकदम आमच्याकडे बघतात. "हे बँकेत आहेत." संपलं. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याच्या पैशांची इतकी सवय असते की त्याला त्यांचा मोह होत नाही, अशी लोकांची समजूत आहे. ती खरी आहे. पेढेवाल्याला पेढ्याचा वास येत नाही, तसंच ते.

या न्यायाने मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा खजिनदार झालो. आमचं वाचनालय सरकारमान्य आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्यानंतर वाचनालयांना शाळेतल्या तुकड्यांसारखे अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. आम्ही 'ब' आहोत. शाळेतही मी 'ब' तुकडीतच होतो, त्यामुळे तिथं पाऊल टाकल्याबरोबर मला घरच्यासारखं वाटलं.

घरच्यासारखं वाटण्याचं दुसरंही एक कारण होतं. त्या वाचनालयाचा बालविभाग आमची ही सांभाळते. तिने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आहे आणि वाचनालय तिला मानधन देतं. मानधन हा फार हुशार माणसाने शोधलेला शब्द आहे. त्यातलं धन कमी पडलं तर मान धरून बेरीज करावी, अशी त्यात सोय असते.

तर ही एकदा रात्री जेवताना म्हणाली, "अहो, आपल्या बालविभागातली सगळी मुलं एकाच घरात राहतात."

मी भाताचा घास तसाच हातात धरून म्हणालो, "एवढी? भाडं कोण भरतं?"

"पुस्तकातली मुलं हो! प्रत्येक गोष्टीत एक अंगण, अंगणात तुळस, बाबा कचेरीत, आई स्वयंपाकघरात, आजी माजघरात. सुट्टी लागली की सगळे मामाच्या गावाला. आणि मामाकडे न चुकता आमराई."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हिशेब बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. मी बालविभागातली दोन कपाटं उघडून बसलो. मामांची आमराई मोजता मोजता दुपार झाली. आता तुम्ही म्हणाल, त्यात वाईट काय? काहीच नाही. मी स्वतः त्याच पुस्तकांवर वाढलो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या माझा वर्गमित्र आहे अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती, आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा म्हणून फुरसुंगी हे गाव मला लंडनपेक्षा मोठं वाटायचं. शिवाय घरात रशियन पुस्तकं होती, मराठीत आणलेली, गुळगुळीत कागदाची, दोन-तीन रुपयांना मिळणारी. त्यामुळे समोवार म्हणजे काय आणि बर्फात बूट कसे रुततात, हे मला मुंज व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. फक्त आमच्या घरामागच्या ओढ्यापलीकडे वडारवाडीत काय शिजतं, ते ठाऊक नव्हतं. मॉस्कोकडे तोंड केलेली खिडकी होती, ओढ्याकडची नव्हती.

खिडकी हा शब्द माझा नाही, तोही हिचाच. अमेरिकेत रुडीन सिम्स बिशप नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी १९९० साली असं मांडलं की मुलांना पुस्तकात आरसाही मिळायला हवा आणि खिडकीही. आरशात स्वतःचं तोंड दिसतं, खिडकीतून शेजारचं. ज्याला नुसताच आरसा मिळतो त्याला वाटतं जगात आपणच आहोत, आणि ज्याला नुसतीच खिडकी मिळते त्याला वाटतं आपण जगात नाहीच.

"आमच्या बँकेत सगळ्या खिडक्याच आहेत," मी म्हणालो.

"हो, आणि त्यातल्या निम्म्या बंद," ही म्हणाली.

तिने मला आणखी एक हिशेब दाखवला, तो मात्र मला मनापासून आवडला. नॅन्सी लॅरिक नावाच्या अमेरिकन बाईंना न्यूयॉर्कच्या एका बालवाडीतल्या पाच वर्षांच्या काळ्या मुलीचा प्रश्न ऐकायला मिळाला. पुस्तकात नेहमी गोरीच मुलं का असतात, असं ती विचारत होती. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलीने असं विचारलं असतं तर तिला "गप्प बस, गोष्ट ऐक" म्हणून सांगितलं असतं. या बाई चक्क मोजायला बसल्या. साठाहून अधिक प्रकाशकांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत काढलेली ५,२०६ पुस्तकं त्यांनी हिशेबात घेतली. त्यात एक तरी काळा माणूस किंवा मूल असलेली पुस्तकं निघाली ३४९. शेकडा ६.७. मुदतठेवीचं व्याज म्हणून हा आकडा वाईट नाही, पण एका अख्ख्या समाजाच्या मुलांना गोष्टीत मिळालेली जागा म्हणून फारच थोडा. १९६५ साली त्यांनी हा ताळेबंद छापला. तिथल्या ग्रंथपालांना तो वारंवार आठवतो म्हणतात. लेखनाला शेरा मारून विसरता येतं. बेरजेचं तसं करता येत नाही.

हे सगळं ऐकून मी म्हणालो, "ते अमेरिकेत. आपल्याकडे काळं-गोरं असं काही नाही."

हिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला वाचनालयाच्या फाटकापाशी नेऊन उभं केलं.

आमचा तालुका सांगली जिल्ह्यातला, साखर कारखान्याचा. दिवाळी झाली, बॉयलर पेटला की बीडकडची ऊसतोडणी कामगारांची कुटुंबं येतात आणि गावाबाहेर कोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायको पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात जातात. या जोडीला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं मिळून एक कोयता, हे गणित मला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं. कोपीत मागे राहतात ती मुलं, आणि त्या मुलांच्या कडेवर त्यांच्याहून लहान मुलं.

तशी एक मुलगी फाटकाच्या बाहेर उभी होती. अकरा-बारा वर्षांची, कडेवर वर्षाचा भाऊ. आत गोष्टीचा तास चालू व्हायच्या बेतात होता. ही म्हणाली, "गेले आठ दिवस रोज येते. आत ये म्हटलं की पळून जाते."

कारण फाटकावरच टांगलेलं होतं. आमची नियमावली. नियम तीन : सभासदत्वासाठी अनामत रक्कम भरावी. नियम चार : कायम पत्त्याचा पुरावा जोडावा. नियम सात : सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. या मुलीकडे पैसे नव्हते, कायम पत्ता म्हणजे सहा महिने कोपी आणि सहा महिने गाव, आणि नियम सात तर तिच्या कडेवरच बसलेला होता.

कार्यकारी मंडळाच्या सभेत हिने विषय मांडला. अध्यक्ष अत्यंत सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "आपण कधी कुणाला अडवलंय? वाचनालयाचं दार सर्वांना उघडं आहे." चिटणिसांनी अनुमोदन दिलं. दार खरोखरच उघडं होतं. ते बंद होत नाही म्हणून मागच्याच महिन्यात मी सुताराला तीनशे रुपये दिले होते. पण दार उघडं ठेवून समोर तीन नियम आडवे घातले, तर त्याला कुंपण म्हणतात, हे म्हणायला माझी जीभ धजेना. मी बँकेच्या भाषेत बोललो.

मी म्हणालो, "अध्यक्षमहाराज, २०१४ साली आमच्याकडे जनधन खाती आली. झीरो बॅलन्स. खिशात दमडी नसली तरी खातं. कागदपत्रं नसतील तर फोटो द्यायचा, साहेबांसमोर सही किंवा अंगठा करायचा, छोटं खातं उघडतं. बँकेसारखी संशयी संस्था जर एवढं करते, तर वाचनालयाला झीरो बॅलन्सचे वाचक का चालू नयेत?"

"पण पुस्तकं परत आली नाहीत तर? ते लोक रातोरात ट्रकमध्ये बसून जातात."

मी थकबाकीची वही बरोबर नेली होती. बँकेतला माणूस थकबाकीच्या वहीशिवाय सभेला जात नाही. "सगळ्यात जुनी थकबाकी वाचू का?" मी विचारलं. कुणी नको म्हणालं नाही म्हणून वाचली. एक जाडजूड पौराणिक कादंबरी, २०११ सालापासून बाहेर. सभासदाचं नाव वाचायची वेळ आली तेव्हा मला खोकला आला आणि अध्यक्षांनी चहा मागवला. चहाबरोबर तीनही नियम बालविभागापुरते शिथिल झाले. पुस्तकांना जामीन कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे पुन्हा एकदम माझ्याकडे बघायला लागले. "हे बँकेत आहेत."

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आत आली. नियम साताने पहिल्याच दिवशी सभासदत्वाच्या फॉर्मचा एक कोपरा खाल्ला. पाठोपाठ कोप्यांवरची आणखी मुलं आली, मग ओढ्यापलीकडची वडारवाडीतली, बागवान गल्लीतल्या दोघी बहिणी, बाजारपेठेतल्या नेपाळी रखवालदाराचा मुलगा. एका मुलाला पायाने चालता येत नव्हतं आणि आमचा बालविभाग माडीवर, बावीस पायऱ्या. म्हणून हिने गोष्टीचा तासच खाली पडवीत आणला. त्याने सर्वांत जास्त आनंद आमच्या वयस्क सभासदांना झाला, कारण त्यांचेही गुडघे त्या बावीस पायऱ्यांवर बावीस वर्षं रुसलेले होते.

पहिल्या गोष्टीत कोल्हा होता. ही म्हणाली, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" वडारवाडीतला मुलगा म्हणाला, "नक्का." त्यांची घरची बोली तेलुगूच्या जवळची. नेपाळी मुलगा म्हणाला, "स्याल." बागवान गल्लीतली म्हणाली, "लोमडी," त्यावर तिची बहीण म्हणाली, "लोमडी वेगळी, सियार वेगळा." दोघींचं भांडण लागलं. कोल्हा एकच, पण ओळखपत्रं चार, आणि चारही खरी. आमच्या बँकेत हे खातं कधीच उघडलं नसतं. पडवीत मात्र गोष्ट चार नावांनी पुढे गेली, आणि कोल्ह्याचं नाव आलं की ज्याचं त्याचं पोर आपला शब्द ओरडून सांगायचं. घरातला शब्द वाचनालयात मोठ्याने म्हणता येतो, हे त्यांना नवीन होतं. आम्हालाही होतं.

मग हिने 'तोत्तोचान' काढलं. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी आपल्या शाळेची गोष्ट लिहिली, ती १९८१ साली पुस्तकरूपाने आली, आणि नॅशनल बुक ट्रस्टने ती मराठीत आणली. मी हिला म्हणालो, "अगं, या मुलांना आरसा द्यायचा होता ना? हा तर टोकियोचा."

ही म्हणाली, "आरसा कुठल्या कारखान्यात झाला, त्याला महत्त्व नसतं."

आणि झालंही तसंच. पहिलीतल्या तोत्तोचानला शाळेतून काढून टाकतात, हे ऐकल्याबरोबर कोप्यांवरची मुलं सावरून बसली. दर सहा महिन्यांनी शाळा सुटण्याची त्यांना सवय. पुढे तिची नवी शाळा येते. तिथले वर्ग म्हणजे रेल्वेचे जुने डबे. इथं कडेवर भाऊ असलेली ती मुलगी पहिल्यांदा बोलली.

"बाई, डब्यातली साळा? मंग ती आपल्यासंगं येती व्हय?"

पुस्तकातले डबे रुळावरून धावत नाहीत, एका जागी उभे असतात. ही एरवी काय विचारलं तरी फटकन उत्तर देते. पण त्या दिवशी ती क्षणभर पुस्तकाकडे बघत राहिली. मीही उगाच पावतीपुस्तकाची पानं चाळली. आम्ही दोघांनी ते पुस्तक कितीदा वाचलेलं. शाळा आपल्याबरोबर यावी, हा अर्थ त्यातून कधी निघाला नव्हता. रंगनाथन म्हणून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते, मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. त्यातला एक असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. आमच्या कपाटात ते पुस्तक कितीतरी वर्षं होतं. त्याचा वाचक बीडहून यायचा होता.

त्या शाळेचे मुख्याध्यापक मुलांना सांगत की डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरातलं घेऊन या. मुलांनी हट्ट धरला, आपणही आणायचं. ठरलेल्या शनिवारी पडवीत डबे उघडले. बागवान गल्लीतून शीरखुर्मा आला, नेपाळी मुलाच्या घरून भात आणि डाळ, आमच्या घरून साबुदाण्याची खिचडी. कोप्यांवरून ज्वारीची भाकरी, ठेचा आणि सुकट.

सुकट पडवीत उघडली आणि तिचा वास माडीवर जाऊन वृत्तपत्र विभागात बसला. तिथं अध्यक्ष अग्रलेख वाचत होते. ते बावीस पायऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता उतरले. "हे काय? वाचनालयात?"

"समुद्रातलं," ती मुलगी म्हणाली.

बीड समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब. आणि समुद्रातलं म्हणून जे आलं ते बीडच्या मुलांनीच आणलेलं. बाजारात वाळवलेली मिळते, स्वस्त, महिनोन्महिने टिकते, गाठोड्यात राहते. अध्यक्ष घटकाभर उभे राहिले. मग त्यांनी खिचडी घेतली, खिडक्या उघडायला सांगितल्या आणि ते वर गेले. सामाजिक बदल एका दिवसात होत नाही. पण खिडक्या उघडल्या, हे मी इतिवृत्तात लिहून ठेवलं.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. बाहेर असलेली पुस्तकं होती अठरा आणि जामीन होतो एक. आदल्या संध्याकाळी मुलं रांगेने आली, पुस्तकं युरियाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली. मी एक-एक खूण करत गेलो. सतरा. 'तोत्तोचान' नव्हतं, आणि ती मुलगीही नव्हती. त्यांचा ट्रक आदल्या रात्रीच गेला होता.

पुढच्या सभेत कुणी काही म्हणालं नाही. बँकेत थकलेल्या जामिनाकडे बघतात तसं फक्त बघितलं. ही मला म्हणाली, "पुस्तक गेलं तर नवं आणता येईल. ती येईल ना पुढच्या वर्षी?" त्या वयाच्या मुली पुढच्या हंगामाला कडेवर भाऊ घेऊनच येतात असं नाही. काहींच्या हातात तोवर कोयता आलेला असतो, आणि कोयता जोडीने मोजतात. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. पण दिवाळी जवळ आली तशी ही संध्याकाळी फाटकाकडे जास्त वेळा बघायला लागली.

बॉयलर पेटला आणि ती आली. आता भाऊ चालत होता. पुस्तकाला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर होतं. मी खजिनदाराच्या सवयीने हिशेब केला : उशीर २३९ दिवस, दिवसाला एक रुपया. पुस्तकाच्या किमतीपेक्षा दंड मोठा. पुस्तक सुस्थितीत आहे का बघावं म्हणून शेवटची पानं उलटली.

कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखलेले होते. नाव. नेल्याची तारीख. आणल्याची तारीख. शेरा. चौदा नावं होती. एका शेऱ्यात 'पान फाटलं, भातानं चिटकवलं', दुसऱ्यात 'रातीत वाचून दिलं', तिसऱ्यात 'हिला डबल दिलं'. चौदाव्या नावापुढे सही नव्हती, निळ्या शाईचा अंगठा होता. नाव : आजी. शेरा : ऐकलं. आणि अंगठ्याखाली त्या मुलीने स्वतःची सही ठोकली होती, 'समक्ष' म्हणून. एवढा चोख अंगठा गेल्या कित्येक वर्षांत माझ्या खिडकीवर आलेला नाही.

दंडाचा विषय सभेपुढे ठेवणं भाग होतं. अध्यक्षांनी ते पान दोनदा वाचलं आणि स्वतःहून ठराव मांडला की वाचनालयाचे सर्व जुने दंड माफ करावेत. ठराव एकमताने संमत झाला. त्याच संध्याकाळी २०११ सालची पौराणिक कादंबरी कपाटात परत आली.

आमच्या वार्षिक अहवालात 'शाखा' असा एक रकाना आहे. त्यात वर्षानुवर्षं 'निरंक' लिहिलं जात होतं. यंदा मी तिथं 'एक' असं लिहिलं. हिशेबतपासनिसांनी चष्मा वर करून विचारलं, "या शाखेचं भाडं कुठं दिसत नाही?"

मी सांगितलं, "साहेब, या शाखेला जागा लागत नाही. ती गाठोड्यात असते."